बोडीतला श्वास

१

सुखरामच्या बोडीत सकाळी पाणी होतं, मासे होते, काठाला बगळेही होते. कंपनीचं यंत्र तेवढं नव्हतं. ज्या दोरीला ते बांधलेलं होतं, ती दोरी पाण्यावर मोकळी तरंगत होती.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या करडी गावाकडे शेताच्या डोक्यावर बांध घालून पाणी अडवतात, त्याला बोडी म्हणतात. तलावाहून लहान, डबक्याहून मोठी. धानाला पाणी पुरवते आणि मासे धरणाऱ्या ढिवराच्या घराला मासे देते. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी सुखरामचे सगळे रोहू पोट वर करून तरंगत होते. पाण्यातला श्वास संपला, असं नंतर कळलं. म्हणून मेरुदीप कंपनीनं ते यंत्र बसवलं. पिवळं, घागरीएवढं. पाण्यातला प्राणवायू कमी झाला की ते मोबाईलवर ओरडायचं. जिल्ह्यातलं पहिलंच यंत्र, आणि त्याच दिवशी दुपारी बोडीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, त्याची घोषणा व्हायची होती.

ती घोषणा माझ्या नातीनं लिहिलेली होती. तृप्ती नागपूरला मेरुदीपच्या कचेरीत आहे. कंपनीच्या बातम्या मराठीत आणायचं काम तिचं. मी गोदावरीबाई. शाळा दुसरीपर्यंत, पण तिच्या सगळ्या घोषणा मी वाचून घेतल्या आहेत. हृदयातली झडप, शेतावरची बॅटरी, आणि ते 'बोलाक्षर', म्हणजे आपण बोलायचं आणि फोननं लिहायचं. कंपनी मोठी, पण बातमीत बढाई नाही. काय केलं, कोणासाठी केलं, संपलं. आमच्याकडच्या पुढाऱ्यांनी तिथे शिकायला जावं.

आणि या घोषणेत तर एक शब्द माझा होता. कंपनीच्या पुण्याच्या मोठ्या कचेरीतल्या लोकांनी 'तळे' लिहिलं होतं. मी तृप्तीला फोनवर म्हटलं, "तळं देवळापुढं असते. आमच्या इथं बोडी असते. लिहाचं तर नीट लिही." तिनं बोडी लिहिलं.

पाळीवर भूपेंद्र उभा होता. यंत्र बसवणारा पोरगा, नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला, बाप फॅक्टरीत. त्याच्या हातातला फोन सारखा किंचाळत होता.

"आजी, यंत्र पागल झालं. हे पाहा. प्राणवायू शून्य, पाणी शून्य, उजेड शून्य. बिघडलं."

"बिघडलं नाही रे. खरं सांगून राहिलं बिचारं. जिथं पाणी नाही, उजेड नाही, तिथं आहे ते."

मी तिथून थेट सुखरामच्या घरी गेले. सुखराम दारात डोकं धरून बसला होता. आत त्याची बायको सखाबाई तांदळाच्या पिपावर बसली होती. पाट होता, बाज होती, आणि ही पिपावर.

"सखे, पिपावर काहून बसली व?"

"पाय दुखते."

"पाय दुखते तर बाजेवर बस."

"मी नाही उठत, गोदाबाई. तुमी काही म्हणा."

तेवढ्यात तिच्या खालून, पिपातून, बारीक आवाज आला. टीं. टीं.

सखाबाई उठली नाही, पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी काढलं यंत्र," ती म्हणाली. "आन देणार बी नाही. तुमची नात आमच्या अंगात मशीन बसवून राहिली, हे तुमाले माहीत होतं का नव्हतं?"

२

चोर सापडला, पण चोरी कळली नव्हती. सखाबाईनं मला फोन दाखवला. आदल्या संध्याकाळपासून हा निरोप गावात फिरत होता. तो जसा होता तसाच देते.

"मेरुदीप कंपनी आनंदाने कळवते की करडी येथील बॉडीत आमचे पहिले यंत्र बसवण्यात आले आहे बॉडीतील प्राणवायू कमी होताच मोबाईलवर इशारा येईल जवाहरनगर जवाहरनगरवाले समोर या येत्या वर्षात जिल्ह्यातील प्रत्येक बॉडीत हे यंत्र मोफत"

बस, इथंच तुटलेला. माशाचं नावही नाही.

"पयले जवाहरनगरवाल्याईले बोलावलं," सखाबाई म्हणाली. "मंग आपला नंबर. फुकट देऊन राहिले म्हंजे काही तरी असनच न."

मी हसले असते, पण बाहेर पांढरी गाडी थांबली. तृप्ती उतरली आणि तिच्या मागून चंद्रकला मॅडम. नागपूर कचेरीतल्या तिच्या साहेब. बाई शांत, साडी कडक, आवाज कधी चढत नाही. अशा बाईची मला जास्त भीती वाटते.

मॅडमनी सुखरामच्या अंगणातच विषय काढला.

"आमच्याकडे एकच कडक नियम आहे, आजी. घोषणा होईपर्यंत घोषणा बाहेर जात नाही. इथे ती बाहेर गेली, चुकीची गेली, आणि लोकांनी यंत्र उपटलं. मसुदा तिघांकडेच होता. तृप्तीकडे, भूपेंद्रकडे, आणि लाखनीचे पत्रकार प्रविण यांच्याकडे. पत्रकारांना आम्ही आधी देतो, दुपारपर्यंत छापायचं नाही या अटीवर."

प्रविण म्हणजे माझा पुतण्या. मोबाईलवर बातम्या चालवतो. गावात आला होताच, पान चघळत मागे उभा होता.

"तृप्ती, तू हा निरोप पाहिलास?" मॅडमनी फोन पुढे केला.

तृप्तीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'बॉडीत' म्हणताना तिला राग आला, मला दिसलं. नाकाचा शेंडा लाल होतो तिचा, माझ्यासारखाच. 'जवाहरनगर' आलं आणि ती थांबली. पुढचं तिनं मनात वाचलं. मग फोन हळूच परत दिला.

"मॅडम," ती म्हणाली, "चूक माझीच आहे. दुसऱ्या कोणाची नाही."

३

मॅडम म्हणाल्या, "मग मला तुला थांबवावं लागेल. कार्यक्रमाआधी पुण्याला कळवते."

"थांबवाचं म्हंजे?" मी विचारलं.

"नोकरी जाईल, आजी," भूपेंद्र खालच्या आवाजात म्हणाला.

या पोरीनं धानाच्या बांध्यांत रोवणी करून, मग भंडाऱ्याला बसनं जाऊन शिक्षण केलं. जे तिनं केलं नाही त्यासाठी तिचं नाव जाणार होतं. आणि तिनं केलेलं नव्हतं, हे मला तिच्या नाकावरून कळलं होतं. ज्यानं लिहिलं त्याला वाचताना राग येत नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "जेवन आमच्याकडे आहे. वडे होईपर्यंत पुण्याले फोन नका लावू. तेवढं तर ऐका म्हातारीचं."

त्या म्हणाल्या, "वडे होईपर्यंत."

मी आधी भूपेंद्रला धरलं. साऱ्या गावाचं बोट त्याच्याकडेच होतं. निरोपात जवाहरनगर, आणि हा जवाहरनगरचा.

"खरं सांग रे. तुयाच गावाचं नाव तिथं काहून आलं?"

"आजी, मेरा ही नुकसान है न! यंत्र मी बसवलं, महिनाभर उन्हात बसून. मी कशाला लोकांना घाबरवू? आणि घोषणेत जवाहरनगर नव्हतंच कुठे."

"मंग 'जवाहरनगरवाले समोर या' असं कोण म्हणते?"

त्यानं हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "कोणीच नाही. म्हणजे, बसचा कंडक्टर म्हणतो. मी लहान होतो तेव्हा रोज ऐकायचो. आता तर गाडीनं फिरतो."

मी त्याला पाणी दिलं आणि जा म्हटलं. माझ्या डोक्यात काही तरी हललं होतं, पण अजून जागेवर बसलं नव्हतं.

मग प्रविण. सखाबाईला निरोप लाखनीच्या बायकांच्या गटातून आला होता. लाखनी म्हटलं की प्रविण.

"मोठीमाय, तुमी माया तोंडाकडे असं नका पाहू," तो आधीच म्हणाला.

"तोंडाकडे नाही, अंगठ्याकडे पाहून राहिली." तो माझ्याशी बोलत होता आणि दोन्ही अंगठ्यांनी फोनवर काही तरी लिहीतही होता. "काय लिहून राहिला?"

"यंत्र गायब, ते. छापत नाही, मॅडमनं मनाई केली. तयार ठेवतो."

मी फोन हिसकावला. अक्षरं लावून लावून वाचली. 'करडीत खळबळ!!! यंत्र गेले कुठे???' खाली त्याचं नाव, त्याच्या बातमीपत्राचं नाव, आणि त्याचा फोटोही.

"तुया लिहिन्यात इतके डंडे काहून रे?"

"उद्गारचिन्हं होत ते. त्याशिवाय कोन वाचते? आन मोठीमाय, तुमीच सांगा. मी बातमी चोरली असती तर मायं नाव नसतं टाकलं का? इतका मोठा माल मी बिननावाचा सोडीन?"

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. हा पोरगा तेराव्याच्या पत्रिकेवरही स्वतःचं नाव टाकेल.

पण त्याच्या त्या डंड्यांनी मला कामाचं सांगितलं. फिरणाऱ्या निरोपात एक डंडा नव्हता. एक टिंब नव्हतं, कुठे थांबाच नव्हता. हातानं लिहिणारा माणूस कुठे तरी श्वास घेतोच. हा निरोप एका दमात बोलल्यासारखा होता.

मी ओट्यावर बसले आणि उलटीकडून विचार करू लागले. निरोप कोणी पाठवला, हे बाजूला ठेवलं. तृप्ती खोटं कोणासाठी बोलली, हे घेतलं. भूपेंद्रसाठी? कामापुरती ओळख. प्रविणसाठी? त्याला तर ती दिवाळीतही टाळते. जवाहरनगर वाचून ती थांबली, म्हणजे तिथेच तिला माणूस दिसला. नागपूरहून बसनं येणारा माणूस. ज्याला तिनं स्वतः बसमध्ये बसवून दिलं असेल असा.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला.

४

माझी सून मंगला वडे थापत होती. कालच नागपूरहून आली होती. लेकीकडे राहून, लेकीनं दिलेली नवी पर्स मिरवत. गावात आलेल्या साऱ्या पाहुण्यांचं जेवण तिच्या अंगावर होतं. सकाळपासून चुलीपुढून हलली नव्हती.

"आई, सापडला का तो मेला?" ती म्हणाली. "माया पोरीच्या लिहिन्याची माती केली. ज्यानं हे लिहिलं न, त्याचे हात झडो!"

"तू वाचला तो निरोप?"

"कधी वाचू? अन चश्म्याबिगर मले फोनवरचं दिसते का? तृप्तीचे बाबा सांगत होते, काही तरी अंगात मशीन म्हणून. कोन असे धंदे करते, देव जाने." मग पिठाच्या हातानं फोनकडे तोंड करून म्हणाली, "आज पाऊस आहे का?" फोननं ते आधी लिहून घेतलं, मग तो तिला पावसाचं सांगू लागला.

माझा हात तेलाच्या कढईवरच थांबला. तृप्तीनं स्वतः बसवून दिलेलं होतं ते. बोलाक्षर. मंगला लिहीत नाही. मंगला फोनशी बोलते.

"मंगला," मी अगदी साध्या आवाजात म्हटलं, "नंदिनीले बोलाव न जेवाले. सांग, सुखरामच्या बोडीवर या म्हणा."

नंदिनी तिची सख्खी बहीण. लाखनीला दिली आहे.

मंगलानं बटण दाबलं, फोन तोंडाशी धरला. "सुखरामच्या बोडीवर या."

"तेल तापलं," मी मागून म्हटलं.

"हो न, टाकते," ती म्हणाली आणि वडा सोडला.

मी फोन उचलला. दुसरीपर्यंतची शाळा, पण काना-मात्रा मला गुरुजींनी पक्क्या दिल्या आहेत. फोनवर लिहिलेलं होतं, 'सुखरामच्या बॉडीवर या तेल तापलं हो न टाकते'. बो-च्या मात्रेच्या जागी चंद्र उगवला होता.

"मंगला, काल बसमध्ये नंदिनीले काय सांगितलं तू?"

तिचा चेहरा आधी खुलला. "तृप्तीनं लिहिलेलं वाचून दाखवलं. पोरीनं मले कागद दिला होता, आई, गावचे शब्द बरोबर आहेत का पाहा म्हणून. नंदिनी मागच्या वर्षी लग्नात साऱ्यांसमोर म्हणाली होती, तुयी पोट्टी कंपनीत कागदं टाइप करते. मले ते लागलं होतं. म्हणून चश्मा लावला अन् बसमध्ये कागद धरून फोनले सांगितलं, पोचलं पाहिजे बाईले. कोनाले पाठवू नको म्हणली होती मी तिले. मधात गर्दी झाली, उतरणारे अंगावर आले, मंग राहून गेलं अर्धं."

"उतरणारे कुठं आले अंगावर?"

"जवाहर..." ती थांबली. माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. "पण मी तर बोडी म्हणली होती, आई. देवाशप्पथ बोडी म्हणली होती."

"तू बोडीच म्हणली, वो. त्यानं बॉडी ऐकलं. अन् कंडक्टरलेही लिहून घेतलं."

कढईतला वडा करपत होता, दोघींपैकी कोणी काढला नाही. मंगलानं स्वतःच्या पिठाच्या हातांकडे पाहिलं. ज्यांना सकाळपासून शिव्या देत होती, ते हात. त्यांनी तर एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

"तृप्तीले माहीत आहे?" तिनं विचारलं.

"तिनं स्वतःवर घेतलं. नोकरी चालली तिची."

मला वाटलं होतं ही रडेल. गेली इतकी वर्षं मी हिला भित्री म्हणत आले. मंगलानं चूल विझवली, पदर खोचला आणि हात न धुता, माझ्या पुढे, दाराबाहेर गेली.

५

मॅडम आमच्या अंगणात फोन हातात घेऊनच उभ्या होत्या. तृप्तीनं आईला येताना पाहिलं आणि धावत आडवी आली. "आई, तू आत जा. आई, ऐक न."

"सरक," मंगला म्हणाली. मॅडमसमोर उभी राहिली. "मी केलं. बहिणीले सांगितलं. पोरीले काही ठाऊक नव्हतं, ते निरोपातलं जवाहरनगर पाहून तिले समजलं. शिक्षा द्याची तर मले द्या."

मॅडम काही बोलायच्या आत मी पुढे झाले. एवढं सगळं शोधून काढलं मी, आणि बोलायचं कोणी?

"मॅडम, दोन शब्दांनी गाव घाबरलं. एक बॉडी, दुसरा जवाहरनगर. जवाहरनगर पाहून सारे भूपेंद्रकडे धावले, पण तो गाडीनं फिरते, अन् ते शब्द बसच्या कंडक्टरचे. निरोप लाखनीतून आला म्हणून प्रविणवर संशय, पण त्याच्या हातचं असतं तर डंडे अन् फोटो असते. नागपूरहून बसनं येणारं अन् लाखनीत बहीण असणारं मानूस या घरात एकच. अन् बॉडी यापैकी कोणीच म्हटलं नाही. हे घ्या. तुमी स्वतः म्हणा बोडी."

मी मंगलाचा फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. मॅडमनी मान पुढे केली. मग त्यांच्या त्या शुद्ध, कडक आवाजात म्हणाल्या, "बोडी."

फोनवर आलं, 'बॉडी'.

पुन्हा म्हणाल्या. पुन्हा चंद्र.

"हे कुठलं ॲप आहे?" त्यांनी विचारलं.

तृप्ती पायाकडे बघत म्हणाली, "बोलाक्षर, मॅडम."

 पिपावरून उठून आलेली सखाबाईही फोनमध्ये डोकावली. मला बोलाक्षराची घोषणा तोंडपाठ होती, पोरीनंच वाचून दाखवली होती. मी म्हटलं, "मेरुदीपचे बोलाक्षर आता कोकणापासून झाडीपट्टीपर्यंतची मराठी ऐकेल. मॅडम, ही झाडीपट्टी. ऐकलं का त्यानं?"

मॅडम हसल्या. पहिल्यांदाच. इतका वेळ त्यांचे दात कसे आहेत हे मला माहीत नव्हतं.

"आणि गावच्या माणसाकडून शब्द तपासून घे, हे तृप्तीला मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिनं आईकडून घेतले. कागद बसमध्ये वाचायचा नव्हता, मंगलाताई, ते चुकलं. पण तृप्ती, तुझा मजकूर अक्षरानं चुकलेला नाही. आणि दुसऱ्याची चूक अंगावर घेऊन माझ्याशी खोटं बोलू नकोस. मला चूक परवडते, खोटं नाही."

मग त्यांनी आमच्या सगळ्यांसमोर पुण्याला फोन लावला. मी कान देऊन ऐकलं. एवढ्या मोठ्या कंपनीची बाई, गावाच्या अंगणात उभी राहून, साध्या शब्दांत म्हणाली, "गळती मुद्दाम कोणी केली नाही. आपल्याच बोलाक्षराला इथला शब्द येत नाही. हे आपण लपवायचं नाही, जाहीर करायचं." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली. 'आमचं चुकलं' एवढं म्हणायला त्यांना समिती लागते.

सखाबाईनं घरी जाऊन पीप उघडलं. यंत्राला तांदळाची भुकटी लागली होती, तिनं ती पदरानं पुसली. सुखराम म्हणाला, "आन ते इकडं, मी बांधतो." ती म्हणाली, "मी सोडलं, मीच बांधन." गुडघाभर पाण्यात शिरून तिनं स्वतः दोरीला गाठ मारली.

भूपेंद्रचा फोन सकाळपासून रडत होता, तो गप्प झाला. मग एकदा वाजला. त्यानं फोन सखाबाईपुढे धरला.

"काय म्हणून राहिलं?"

"बोडीत श्वास पुरेसा आहे, काकी."

घोषणा उशिरा झाली, पण झाली. तृप्तीनंच वाचली. 'बोडी' म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम. हसू आलं असतं.

पुढं मेरुदीपची आणखी एक घोषणा आली. बोलाक्षराला आमच्याकडचे शब्द कमी पडत होते, ते कंपनीनं मान्य केलं होतं आणि आता शिकवले होते. सगळ्यात वर बोडी. खाली लिहिलं होतं, 'आवाज: मंगलाबाई, करडी. मराठी मजकूर: तृप्ती.' शब्द माझा, शोध माझा, आणि माझं नाव कुठेच नाही. मी काही म्हटलं नाही. म्हटलं, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मंगला त्याच सकाळी चुलीपुढे फोन तोंडाशी धरून बसली आणि नंदिनीला सगळी घोषणा वाचून दाखवली. या वेळी जाहीर झालेली होती, कोणालाही पाठवायची मुभा होती. पाठवण्याआधी तिनं मला दाखवलं. चंद्र नव्हता, नीट मात्रा होती. मी शेवटपर्यंत अक्षर अक्षर लावलं. अगदी शेवटी होतं:

'सुखरामच्या बोडीतले मासे वाचले हे माझ्या लेकीनं लिहिलं आहे मंगला भाकर करपली तुझं लक्ष कुठं आहे'

"थांबा आई, तेवढं पुसते," ती म्हणाली.

मी फोन दिला नाही. निरोप, माझ्या त्या शेवटच्या वाक्यासकट, तसाच पाठवला.